रक्तपेढीचा फोन आला म्हणजे एचआयव्हीच का?

बेळगावात शिवजयंतीच्या दिवसांत रक्तदान शिबिरं होतात. त्यानंतर काही आठवड्यांत हा प्रश्न घेऊन कुणीतरी माझ्यासमोर बसतंच. खानापूर तालुक्यातला तिशीतला एक ड्रायव्हर असाच आला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणारा.

"समक्ष या म्हणाले, फोनवर काय सांगिनात. एड्सच की ओ मॅडम?"

हातातल्या चिठ्ठीवरचा 'रिॲक्टिव्ह' हा एकच शब्द त्याला कळला होता. तीन रात्री झोप नव्हती.

दान केलेलं प्रत्येक रक्त पाच गोष्टींसाठी तपासतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. फोन यांपैकी कशासाठीही येऊ शकतो. आणि ती पहिली चाळणी असते; 'रिॲक्टिव्ह' म्हणजे या चाळणीत काहीतरी अडकलं, पक्कं निदान नव्हे. त्याच्या चिठ्ठीवर व्हीडीआरएल लिहिलं होतं. ती तपासणी सिफिलिसची, म्हणजे गरमीची. जुनी माणसं याच नावानं ओळखतात.

मग हळूहळू बोलणं निघालं. दोन महिन्यांपूर्वी मुक्कामात एकदा संबंध आला, निरोध नव्हता. तीनेक आठवड्यांनी लिंगावर फोड आला. दुखत नव्हता, म्हणून मेडिकलमधून मलम आणलं. फोड गेला. "बरं झालं म्हणून रक्त दिलं की."

इथेच फसगत होते. सिफिलिसचा फोड औषधाशिवायही भरून येतो, पण जंतू रक्तात राहतात. शिवाय अशा जखमेतून एचआयव्हीला शिरायला वाट सोपी होते. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, एकाची तपासणी केली की बाकीच्याही करून घ्या. त्याची संमती घेऊन सगळ्या केल्या. दुसऱ्या तपासणीत सिफिलिस पक्का झाला, पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं. हिपॅटायटिस दोन्ही नाहीत. एचआयव्ही निगेटिव्ह.

तो उठायलाच लागला. मी बसवलं. संबंधाला दोनच महिने झाले होते, आणि आमच्याकडच्या तपासणीत एचआयव्ही दिसायला तीन महिनेही लागू शकतात. तोवर निरोध वापरायचा, रक्त द्यायचं नाही, महिन्यानं परत यायचं.

"घरात काय सांगू?"

बायको पाच महिन्यांची गरोदर होती. तिसऱ्या महिन्यातली तिची रक्ततपासणी चांगली आली होती, पण तो संबंध त्याच सुमाराचा. मला त्याच्या रिपोर्टपेक्षा तिची काळजी जास्त वाटली. सिफिलिस आईकडून बाळाला जातो, गर्भपातही होऊ शकतो. पण वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं. त्याच्या परवानगीशिवाय मी तिला काहीही सांगणार नव्हते, हेही त्याला स्पष्ट केलं. तो बराच वेळ गप्प बसला. चौथ्या दिवशी तिला घेऊन आला.

तिची व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह निघाली. ती रडली, त्याच्यावर चिडली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच दिवशी तिचंही इंजेक्शन झालं.

महिन्यानं दोघं आली. दोघांचीही एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह. त्याला हा प्रश्न मिटल्याचं सांगितलं. तिची तपासणी बाळंतपणाआधी पुन्हा करू म्हटलं. 'जन्मल्यावर बाळाचं रक्त तपासा' एवढी ओळ तिनं तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड) मराठीत लिहून घेतली. त्या ओळीखाली मी तीच कन्नडमध्ये लिहिली, प्रसूतीच्या वेळी ड्युटीवर असेल त्या सिस्टरला वाचता यावी म्हणून.