प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स, दोन्ही ईएमआयवर घ्यावेत का?

प्रश्न: वय 27. इंदूरला रामबागेत आई-वडील आणि धाकट्या भावासोबत राहतो. पगार हातात 42,000 येतो. घरखर्चाला 22,000 देतो, एसआयपी 5,000, स्कूटरचा हप्ता 4,200. बचत खात्यात 70,000 आहेत. मला ‘स्पायडर-मॅन’ या खेळासाठी सोनीचा कन्सोल (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) प्लेस्टेशन 5 हवाय, भावाला ‘फोर्झा’ आणि ‘हेलो’ या खेळांसाठी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. जेल रोडच्या दुकानात दोन्हींचे मिळून 1,05,000 सांगितलेत, 12 महिने नो-कॉस्ट ईएमआय. 2,000 देऊन ठेवलेत. घेऊ का?

उत्तर: दोन्ही नको. एकच घ्या, प्लेस्टेशन, आणि तोही सहा महिन्यांनी रोख पैसे देऊन.

तुमचा महिना मी कागदावर मांडला. सगळं वजा जाता 10,800 उरतात. दोन्ही कन्सोलचा हप्ता 8,750, म्हणजे हातात राहिले 2,050. सोनीचा मोठा नवा खेळ 4,999 ला येतो. घरात दोन यंत्रं असतील आणि एक खेळ घ्यायला अडीच महिने लागतील. त्यात घरात कुणाचं दुखणं निघालं, तर आधी एसआयपीच मोडेल. मला खरी काळजी त्याची वाटते.

नो-कॉस्टचा कागदही नीट वाचा. बहुतेक वेळा व्याज असतंच, तेवढी सूट आधी दिलेली असते. व्याजदर 15 टक्के धरला तर 1,05,000 च्या हप्त्यांत सुमारे 8,000 व्याजाचे असतात, आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, साधारण 1,450, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेतल्यावर दुकानदार जे कमी करतो, तेही गेलं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोघं यंत्रासाठी भांडत नाही आहात, खेळांसाठी भांडताय, आणि कंपन्यांना नेमकं तेच हवं असतं. यंत्रावर त्यांना फारसं सुटत नाही. कमाई खेळांवर होते. दुसऱ्या कंपनीचा खेळ आपल्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला तरी साधारण 30 टक्के वाटा कन्सोलवाल्याचा. म्हणून गिऱ्हाईक आपल्या दारात आणायला खास खेळ राखून ठेवायचे. ‘स्पायडर-मॅन’ बनवणारा इन्सोम्नियॅक स्टुडिओ सोनीने 2019 मध्ये विकत घेतला. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये बेथेस्डा या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मालक कंपनीसाठी साडेसात अब्ज डॉलर मोजले, आणि 2023 मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही आणखी एक खेळ बनवणारी कंपनी घेतली, 68.7 अब्जांच्या सौद्यात.

एवढा पैसा ओतल्यावर खेळ एकाच यंत्रावर अडकवून ठेवणं, माझ्या मते, मायक्रोसॉफ्टला परवडेनासं झालं. ‘फोर्झा होरायझन 5’ एप्रिल 2025 मध्ये प्लेस्टेशनवर आला. ‘इंडियाना जोन्स’ एक्सबॉक्सवर डिसेंबर 2024 ला आला आणि चारच महिन्यांत तिकडेही. पहिल्या ‘हेलो’ची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवर येणार, हे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025 मध्ये स्वतःच जाहीर केलं. सोनीचे खेळ मात्र एक्सबॉक्सवर क्वचितच जातात. ‘हेल्डायव्हर्स 2’ गेला, ‘स्पायडर-मॅन 2’ पीसीवर आला, एक्सबॉक्सवर नाही. म्हणजे भावाला हवं ते बरंचसं तुमच्या यंत्रावर येतंय, तुम्हाला हवं ते त्याच्या यंत्रावर नाही. सगळंच येईल अशी हमी नाही, पण एका खेळासाठी दुसरे 50,000 घालण्यापेक्षा थांबणं बरं.

कन्सोलची डिजिटल आवृत्ती, म्हणजे डिस्क न लागणारी, स्वस्त दिसते, तरी डिस्कवालाच घ्या. खेळ संपला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. डाऊनलोड केलेला खेळ असा हातबदल करत नाही.

70,000 ना हात लावू नका, ते तुमच्या घराचे तीन महिने आहेत. दर महिन्याला 9,000 वेगळ्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका, सहा महिन्यांत 54,000 होतील. भावाला हा हिशेब समोर बसवून दाखवा, नुसतं नाही म्हणू नका. दुकानात दिलेले 2,000 परत मागा, आणि देत नसतील तर दुसऱ्या कंट्रोलरमध्ये (हातात धरून खेळायचं बटणांचं साधन) वळते करून घ्या. दोघं खेळणार आहात, तो लागणारच.