अमेरिकेत कृष्णवर्णीयांना १८७० पासूनच मतदानाचा हक्क होता ना, मग १९६५ ला परत वेगळा कायदा कशाला करावा लागला?

हक्क होता, पण मत द्यायचं तर आधी मतदारयादीत नाव लागतं, आणि ते नाव घालायचं की नाही हे ठरवणारा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात बसलेला गोरा रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणी अधिकारी. सगळी गोम तिथेच आहे. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीत म्हटलंय की वर्णावरून कुणाचं मत नाकारता येणार नाही, मग दक्षिणेतल्या राज्यांनी काय केलं तर आपल्या कायद्यांत 'वर्ण' हा शब्दच येऊ दिला नाही. पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीचा कर, भरा, लिहितावाचता येतं ते दाखवा, राज्यघटनेतलं हे कलम वाचून त्याचा अर्थ सांगा. मिसिसिपीने तर ही अट १८९० च्या स्वतःच्या राज्यघटनेतच घातली. कलम कुठलं द्यायचं ते रजिस्ट्रार ठरवणार, आणि सांगितलेला अर्थ बरोबर की चूक तेही तोच ठरवणार.

फॅनी लू हेमर यांचं उदाहरण सांगतो, मला हा सगळा विषय त्यांच्यामुळेच कळला. मिसिसिपीतल्या एका कापसाच्या मळ्यावर त्या १८ वर्षं बटईने राबत होत्या, मजुरांच्या हजेरीचं कामही बघायच्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला १८ जण बसने २६ मैलांवरच्या इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेले त्यात त्या होत्या. त्यांच्यापुढे आलं 'डी फॅक्टो', म्हणजे कागदावर नसून प्रत्यक्षात चालणाऱ्या, कायद्यांबद्दलचं कलम, आता आपल्याकडे वकील सोडून कोण सांगेल हो त्याचा अर्थ! नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवली, बसचा रंग चुकीचा आहे म्हणून ड्रायव्हरला दंड केला. घरी पोचल्या तर मळ्याचा मालक दारात, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. त्या म्हणाल्या की मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाव नोंदवायला गेले होते. आणि त्याच रात्री त्यांना घर सोडावं लागलं. पुढे १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, तर मत द्यायला गेल्यावर सांगितलं की दोन वर्षांच्या पोल टॅक्सच्या पावत्या आणा.

तुम्ही म्हणाल कोर्टात का नाही गेले? गेले ना. १९५७ आणि १९६० च्या कायद्यांनी केंद्राच्या न्याय खात्याला खटले भरायचा अधिकार दिला होता, पण एकेका काउंटीत वेगळा खटला, आणि एक चाचणी कोर्टाने रद्द केली की राज्य दुसरी काढणार. अलाबामातल्या सेल्मा गावाची डॅलस काउंटी बघा. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय साधारण १५,०००, त्यातले यादीत १५६, आणि चार वर्षं खटला लढल्यावर ३८३. जुलै १९६४ चा मोठा नागरी हक्क कायदा हॉटेलं, शाळा, नोकऱ्या यांसाठी जबरदस्त होता, पण मतदानाबद्दलचा त्याचा भाग तसा कमजोरच.

म्हणून मग मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरी असा मोर्चा. मी अटलांटात राहतो, एकदा मुद्दाम गाडी काढून तिथे गेलो होतो. सेल्मातून बाहेर पडताना लागणाऱ्या एडमंड पेटस पुलाला मधे चढ आहे, अर्ध्यापर्यंत चालत गेलं तरी पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला ६०० लोक तो चढ चढून वर आले तेव्हा त्यांना समोर पोलिसांची रांग दिसली. मी तिथे कठड्याला धरून बराच वेळ उभा होतो, पुढे पाय उचलेना. लाठ्या, अश्रुधूर, घोडे, मोर्चाच्या पुढे चालणाऱ्या जॉन लुईस यांची कवटी फुटली, आणि हे त्याच रात्री देशभर टीव्हीवर दिसलं. आठ दिवसांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मतदान हक्काचा कायदा मागायला संसदेपुढे उभे राहिले, ६ ऑगस्टला कायद्यावर सही.

या कायद्यात नवीन काय होतं, तर त्याने उलटं ओझं राज्यावर टाकलं. जिथे अशा चाचण्या होत्या आणि १९६४ ला निम्म्याहून कमी लोकांची नोंदणी किंवा मतदान झालं होतं तिथल्या चाचण्या सरळ बंद, केंद्राचे अधिकारी जाऊन नावं नोंदवणार, आणि निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर राज्याने आधी वॉशिंग्टनची परवानगी आणायची. सही होऊन चार दिवसांत सेल्मात नोंदणी सुरू झाली. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६४ ला ७ टक्क्यांच्या आत होती ती १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास गेली. आणि सेल्माचा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जिम क्लार्क, जो छातीवर 'नेव्हर' लिहिलेला बिल्ला लावून फिरायचा, तो १९६६ ला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत याच नव्या मतदारांमुळे हरला!

२०१३ ला मात्र सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कुठल्या राज्यांनी परवानगी घ्यायची ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं, कारण दिलं की ते जुनं झालं. निकालानंतर काही तासांत टेक्ससने मतदार ओळखपत्राचा अडवून ठेवलेला कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं. मला हा निकाल अजिबात पटलेला नाही. नियम आधी लागू होणार आणि लोकांनी नंतर वर्षानुवर्षं कोर्टात भांडायचं, म्हणजे ते १५६ चे ३८३ होणारे दिवस परत.

एक गोष्ट राहिली, आपल्याकडच्या वाचकांसाठी. सेल्मा ते मॉन्टगोमेरी रस्त्यावर लाउंड्स काउंटी लागते. लोकसंख्येत साधारण ८० टक्के कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यातलं एकही नाव यादीत नाही. नोंदणी झाल्यावर तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, कारण बऱ्याच लोकांना वाचता येत नव्हतं, तर यांनी चिन्ह घेतलं काळा पँथर. तेच नाव आणि चित्र ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टीसाठी उचललं, आणि त्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर.