दुखणं अंगावर काढणाऱ्या लेकीला पायलट व्हायचंय

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला पायलटच व्हायचंय. आमच्या घरात विमानाशी कुणाचा कधी संबंध आला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या नागपूर विमानतळावर पुण्याला जाणाऱ्या विमानाचे पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि गेले, ती बातमी माझ्या मनातून जात नाही. परक्या गावात, हॉटेलच्या खोलीत माझी पोरगी आजारी पडली तर तिच्याजवळ कोण असेल? तापातही विमान उडवावं लागतं का? तिला सर्दीचा त्रास आहे, पण मुलगी धीराची आहे. फिजिक्सचं प्रॅक्टिकल 102 ताप असताना देऊन आली आणि घरी आल्यावर सांगितलं. आम्ही काय करावं?
एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतोच. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो, आणि ते तुम्ही कौतुकानं लिहिलंय: 102 ताप असताना प्रॅक्टिकल दिलं, घरी आल्यावर सांगितलं. परीक्षा बोर्डाची होती, तिचा नाइलाज मला कळतो. तरी आपल्या घरांमधून दुखणं अंगावर काढणारं पोर गुणी ठरतं आणि ‘आज बरं नाही’ म्हणणारं कामचुकार, हेही खरंच. तुमच्या लेकीला जिथे जायचंय तिथे हा हिशेब नेमका उलटा आहे.

आधी तुमच्या मनातली बातमी. त्या वैमानिकांच्या प्रकृतीबद्दल मी काही लिहिणार नाही, तो त्यांच्या घरच्यांचा विषय आहे. मात्र याच विमानतळावर त्याआधी दोन वर्षांपूर्वी घडलेलं तुम्हाला सांगायला हवं. 27 ऑगस्ट 2021 ला मस्कतहून ढाक्याला निघालेलं ‘बिमान बांगलादेश’ या विमान कंपनीचं विमान रायपूरच्या आसपास असताना कॅप्टनना हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं कोलकात्याच्या हवाई नियंत्रण कक्षाला कळवलं आणि विमान नागपूरकडे वळवलं. सव्वाशेच्या आसपास प्रवासी नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरले. कॅप्टन मात्र वाचले नाहीत. काही दिवसांनी इथल्याच रुग्णालयात, घरापासून इतक्या लांब, त्यांचं निधन झालं.

प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात ते यासाठीसुद्धा. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावासाठीच्या नकली कॉकपिटमध्ये, या प्रसंगाचा सराव करून घेतात. शेजारचा माणूस अचानक गप्प होतो. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, की दुसऱ्यानं विमानाचा ताबा घ्यायचा आणि तसं मोठ्यानं म्हणायचं. दोघांनी एकच जेवण घ्यायचं नाही, अशीही अनेक कंपन्यांत पद्धत आहे. कारण उडत्या विमानात वैमानिक कामातून जातो तो बहुतेक वेळा पोट बिघडल्यामुळे. हृदयाचे प्रसंग त्या मानानं कमी.

आता हॉटेलची खोली. ड्युटीवर परगावी मुक्काम असतो त्याला ले-ओव्हर म्हणतात. तिथे तब्येत बिघडली, तर वैमानिकानं कंपनीच्या क्रू शेड्युलिंगला, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या विभागाला, फोन करून ‘सिक रिपोर्ट’ करायचं, आजारी असल्याचं कळवायचं. मग डॉक्टर, गरज पडली तर दवाखाना, हे कंपनीचं माणूस पाहतं. विमानासाठी राखीव म्हणजे स्टँडबायवर असलेला दुसरा वैमानिक बोलावतात. तो परगावाहून यायचा असेल तर विमानाला उशीर होतो, कधी ते रद्दही होतं. तापात विमान उडवायला लावतात का, याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. आपण तंदुरुस्त नाही हे माहीत असताना कॉकपिटमध्ये बसणं नियमानंच चालत नाही. ते ठरवायची पहिली जबाबदारी मात्र त्या वैमानिकाचीच असते. तिच्या अंगात ताप आहे हे पहाटे 3 वाजता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

माझा एक जुना विद्यार्थी आज एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोलकात्याच्या मुक्कामात त्याला सर्दी झाली. पहाटेची फ्लाइट होती. नाक दाबून, तोंड मिटून त्यानं कानात हवा भरून पाहिली. उजवा कान टक्कन उघडला, डावा उघडेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फोन हातात घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला, नंबर काढला, आणि वीस मिनिटं तसाच बसून राहिला. ‘सर, तापसुद्धा नव्हता हो. नुसत्या सर्दीसाठी दीडशे-पावणेदोनशे माणसांचं विमान थांबवायचं?’ असं तो मला नंतर म्हणाला.

नुसती सर्दी नसते ती, ताई. विमान वर जातं तेव्हा केबिनमधला दाब कमी होतो. साधारण 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका. वर जाताना कानातली हवा बाहेर पडते, तेव्हा फारसं काही होत नाही. खरी पंचाईत खाली येताना होते. नाकापासून कानापर्यंतची नळी सुजून बंद असली, की बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो आणि कानात कुणी सुरी फिरवतंय अशी कळ येते. गरगरू लागतं, कधी पडदाही फाटतो. आणि हे सगळं नेमकं विमान उतरवण्याच्या दहा-पंधरा मिनिटांत. माझ्या विद्यार्थ्यानं शेवटी फोन केला. डॉक्टरांनी प्रवासी म्हणूनही विमानात बसायला मनाई केली. दुपारी हावड्याहून गीतांजली एक्सप्रेस पकडून तो सकाळी नागपूरला उतरला आणि आईच्या हातचं खाऊन चार दिवस झोपला. आज तो तोच फोन दोन मिनिटांत करतो.

ती वीस मिनिटं कुठून येतात, तेही सांगतो. तरुण वैमानिकांच्या पगाराचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. घरी बसलं की तास बुडतात. प्रशिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. नवीन नोकरीत वारंवार आजारी पडणारा अशी नोंद नको वाटते. हा दाब खरा आहे आणि कंपनी कितीही चांगली असली तरी तो पूर्ण जात नाही. थकव्याच्या बाबतीत नियम थोडे सुधारले आहेत: जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. बाकीचा दाब पेलायचा तर ‘आज मी उडणार नाही’ हे म्हणायची सवय अंगात आधीपासून मुरलेली असावी लागते. पायलटांना उड्डाणाआधी स्वतःची उलटतपासणी करायला शिकवतात: आजार आहे का, औषध घेतलंय का, मनावर ताण आहे का, झोप झाली का. हे प्रश्न प्रामाणिकपणे विचारणं सोपं नाही. लहानपणापासून ताप लपवलेल्या मुलीला तर फारच अवघड.

औषधांचं एक, कारण हे आईच्याच हातात असतं. लेक मुक्कामाला निघाली की आपण डब्याबरोबर औषधंही बांधून देतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन उडता येत नाही. आणि आपली आसवं-अरिष्टं! द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कनकासव यांत आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप मद्यार्क तयार होतो. काही खोकल्याच्या औषधांत आणि माउथवॉशमध्येही तो असतो. वैमानिकांची उड्डाणाआधी श्वासातला मद्यार्क मोजणारी ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणी होते आणि पहिल्यांदा दोषी ठरलं तरी परवाना तीन महिने निलंबित होतो. आईनं दिलेलं खोकल्याचं औषध होतं, ही सबब चालत नाही. कंपनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको.

आता तुम्ही काय करायचं ते. कोणत्याही फ्लाइंग स्कूलला, गोंदियाजवळ बिरसीला असो की देशाबाहेर, एक रुपयाही भरण्याआधी मेडिकल करून घ्या. मी हे प्रत्येक पालकाला सांगतो आणि तरी दरवर्षी कुणीतरी फी भरून मग येतं. आधी डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयानं मान्य केलेल्या डॉक्टरांकडे क्लास 2 ही सुरुवातीची तपासणी, मग व्यावसायिक वैमानिकाला लागणारी क्लास 1. क्लास 1 साठी बेंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, इतरही मान्य केंद्रं आहेत. एअरलाइनच्या वैमानिकाला ही तपासणी दरवर्षी द्यावी लागते, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. म्हणजे हे करिअर आयुष्यभर तब्येतीच्या दाखल्यावर उभं असतं. म्हणून फ्लाइंगच्या जोडीला पदवी पूर्ण करायला लावा, आणि नोकरी लागली की परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यायला सांगा.

त्याही आधी, याच महिन्यात, तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. वारंवार सर्दी म्हणजे अ‍ॅलर्जी आहे, सायनस आहे की नाकाचं हाड वाकडं, ते कळू द्या. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत आणि ते मेडिकलच्या आधी झालेले बरे. मेडिकलच्या फॉर्मवर जुन्या आजारांची माहिती विचारतात, तिथे काही झाकू नका. आज झाकलेलं पुढे उघड झालं तर हातातला परवाना जातो.

तिनं पायलट होऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. पत्रावरून मुलगी जिद्दीची दिसते. तिला पुढच्या वेळी ताप आला, तर क्लासच्या सरांना तुम्ही फोन करू नका. तिलाच करू द्या, आणि ती फोन ठेवेल तेव्हा बुडालेल्या तासाबद्दल काही बोलू नका.