'ऑस्टेन्सिब्ली'चा अर्थ आणि वापर

'ऑस्टेन्सिब्ली' म्हणजे नेमकं काय आणि 'अपॅरंटली'च्या जागी तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी दिवाणी दाव्यांच्या कागदपत्रांचं भाषांतर करतो, त्यामुळे हा शब्द वरचेवर भेटतो.

शब्दकोशात 'वरकरणी', 'दिसायला' असे अर्थ मिळतील, ते बरोबरच आहेत. पण मूळ लॅटिन क्रियापद 'दाखवणे' या अर्थाचं आहे, हे लक्षात ठेवलं की वापर चुकत नाही. यात कुणीतरी काहीतरी पुढे करून दाखवत असतं. 'ही वेन्ट टु पुणे ऑस्टेन्सिब्ली टु सी हिज आन्ट' म्हणजे मावशीला भेटायचं निमित्त सांगून तो पुण्याला गेला. मावशीकडे तो गेलाही असेल, पण खरं काम दुसरंच असावं असा बोलणाऱ्याला वास येतोय. तिथे 'अपॅरंटली' घातलं तर 'मावशीला भेटायला गेलाय म्हणे' एवढंच उरतं. 'सीमिंगली' हा पाहणाऱ्याचा अंदाज. म्हणून आभाळ कधी ऑस्टेन्सिब्ली ढगाळ नसतं; आभाळ बहाणा करत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 41 मध्ये 'ऑस्टेन्सिबल ओनर' येतो. समजा, पैसे नवऱ्याने भरले पण प्लॉट बायकोच्या नावावर घेतला. खरेदीखतावर तिचंच नाव, आणि त्याच्या संमतीने जगापुढे मालक तीच. उद्या तिने तो विकला आणि घेणाऱ्याने वाजवी चौकशी करून, प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतला, तर 'तिला विकायचा अधिकारच नव्हता' एवढ्यावरून तो व्यवहार उलटवता येत नाही. मी पहिल्यांदा इथे 'तथाकथित मालक' लिहिलं होतं. एका ज्येष्ठ वकिलांनी ते खोडून वर 'दर्शनी मालक' लिहिलं. मला ते फार पटलं: 'तथाकथित'मध्ये हेटाळणी आहे, आणि इथे तर कागदावर नाव खरोखरच तिचं आहे.

मराठीत वाक्यानुसार 'निमित्ताने', 'मिषाने', 'च्या नावाखाली' असं काही बसतं. उच्चारात जोर 'टेन'वर.

ऑफिसच्या मेलमध्ये मात्र सहकाऱ्याबद्दल 'ऑस्टेन्सिब्ली आजारी' लिहू नका. तो खोटं बोलतोय, असंच वाचणारा समजेल. आजारी असल्याचं त्याने कळवलंय, असं सरळ लिहा.