वैद्य स्टेडियम कुणाच्या नावाचं?

प्रश्न: भवानी पेठेतल्या जनरल वैद्य स्टेडियमवर मुलीला रोज सोडते, परवा तिने विचारलं आई हे वैद्य कोण, आणि मला सांगता येईना.

उत्तर: ताई, अलिबागचे अरुणकुमार वैद्य. 1965 ला असल उत्तरच्या लढाईत त्यांच्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटने शर्मन रणगाड्यांनी पाकिस्तानचे पॅटन अडवले, 1971 ला बसंतर नदीपाशी सुरुंग पेरलेल्या मैदानातून त्यांनी ब्रिगेड पार नेली, दोन्ही वेळा महावीरचक्र! पुढे लष्करप्रमुख झाले. रिटायर होऊन पुण्यात आले आणि सात महिन्यांच्या आतच, 10 ऑगस्ट 1986 ला, बाजारातून परतताना गाडीत त्यांना गोळ्या घातल्या, ब्लू स्टारचा, म्हणजे ते लष्करप्रमुख असताना 1984 ला सुवर्णमंदिरात झालेल्या लष्करी कारवाईचा, सूड म्हणून. शेजारी पत्नी होत्या, गाडी ते स्वतः चालवत होते. आजही लिहिताना गलबलतं. मुलीला रणगाड्यांपासून सांगा.