सर्व्हरची किल्ली कोणाकोणाकडे?

प्रश्न: आमचं होलसेलचं दुकान आहे, बिलिंगचा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतलाय. आधी काम बघणारा मुलगा सोडून गेला, आम्ही त्याचा पासवर्ड बदलला पण परवा लॉगमध्ये परत त्याच्याच नावाने लॉगिन दिसलं, हे कसं काय?

उत्तर: पासवर्ड बदललात ते चांगलंच केलंत, पण एसएसएचमध्ये (सर्व्हरवर लांबून लॉगिन करायची सोय) किल्लीनेही, म्हणजे कॉम्प्युटरवर ठेवलेल्या ओळखीच्या फाइलनेही, आत येता येतं आणि ती पासवर्ड विचारतच नाही. त्याच्या होम फोल्डरमध्ये डॉट एसएसएच (.ssh) फोल्डरच्या आत ऑथोराइज्ड कीज (authorized_keys) नावाची फाइल असेल, त्यातली त्याची ओळ आजच्या आज काढा, आणि रूटची (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याची) व बाकी सगळ्यांची तीच फाइलपण बघा, कारण बरेचदा एकच किल्ली चार ठिकाणी टाकलेली असते. त्याचं सेशन (आधीच झालेलं लॉगिन) चालू असेल तर तेही बंद करा, नुसती ओळ काढून चालू सेशन तुटत नाही.

मग एसएसएचच्या सेटिंगमध्ये रूटचं थेट लॉगिन बंद, अलाऊ यूजर्समध्ये (कोणाला आत येऊ द्यायचं ती यादी) फक्त लागतील तेवढीच नावं, प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि सगळ्यांच्या किल्ल्या चालतायत हे बघूनच पासवर्डचं लॉगिन बंद. २२ नंबरचा पोर्ट (एसएसएच ज्या दारातून येतं तो) फायरवॉलमधून फक्त ऑफिसच्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) उघडा ठेवा, तो आयपी बदलता असेल तर व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतचा खाजगी, सुरक्षित रस्ता) घ्या. आणि प्लीज, हे बदल करताना चालू टर्मिनल बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे आधी बघा, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.