आरएक्सची घरघर

प्रश्न : वडिलांची यामाहा आरएक्स १०० पाच वर्षं घरात उभी होती. आता चालू केली तर वेग वाढवला की फूटरेस्टवर पायाला घरघर जाणवते. मेकॅनिक म्हणतो, क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याची) बेअरिंग गेलीत, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. नुसती बेअरिंग बदलून भागेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी त्याचं निदान तपासा. मॅग्नेटचं, म्हणजे क्रँकच्या टोकावर वीज तयार करणाऱ्या चाकाचं, झाकण काढून मॅग्नेट धरा आणि वर-खाली हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागला तर तो बरोबर बोलतोय. क्लच दाबल्यावर घरघर थांबत असेल, तर दुखणं बहुधा गिअरबॉक्सचं.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या क्रँकला पेट्रोलबरोबर येईल तेवढ्याच टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलवर भागवावं लागतं. गाडी पाच वर्षं उभी, म्हणजे बेअरिंगच्या छर्‍यांना गंज चढला असणार.

नुसती बेअरिंग बदलायचा शहाणपणा मी केलाय. एका गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला क्रँकभोवतीची जुनीच ऑइल सील (तेल-हवा अडवणारी रबरी कडी) ठेवली. पंधरा दिवसांत गाडी पांढरा धूर ओकत दारात हजर. क्लचच्या बाजूच्या सीलमधून गिअर ऑइल आत ओढलं जात होतं. पुन्हा सगळं खोललं, मजुरी माझ्या खिशातून. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर आणखी वाईट. तिथून हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. म्हणून दोन्ही बेअरिंग आणि दोन्ही सील एकदमच बदला. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉडही हलवून बघा. आडवा थोडा खेळ असतोच, उभा अजिबात नको. असला तर रॉड किट टाकून क्रँक डायल गेजवर (वाकडेपणा मोजणाऱ्या मापकावर) सरळ करून घ्यावी लागेल.

दुकानात बेअरिंगवर 'सी३' लिहिलंय का ते बघून घ्या, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा ठेवलेलं बेअरिंग. इंजिन तापलं की बेअरिंगची आतली कडी फुगते, आणि साध्या बेअरिंगात छर्‍यांना जागा उरत नाही.

बसवताना मेकॅनिकने हातोडी उचलली तर त्याला थांबवा. क्रँकच्या टोकावर ठोकलं की तिच्या दाबून बसवलेल्या चकत्या सरकतात, क्रँक वाकडी होते आणि नव्या बेअरिंगवरही घरघर तशीच राहते. बेअरिंग जिथे बसतं ती इंजिनची केस शंभर अंशांच्या आसपास तापवायची, पाण्याचा थेंब चुर्र झाला पाहिजे. बेअरिंग पिशवीत गुंडाळून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये. आमच्याकडे ते मटाराशेजारी असतं, बायको आता काही विचारत नाही. असं गार बेअरिंग तापलेल्या केसमध्ये हातानेच बसतं.